रोखा आधी नीट मांडावा, मग किंमत काढावी

सरकारी रोख्यांची किंमत संगणकाकडून काढून घेताना येणाऱ्या अडचणींविषयीची पत्रे या अंकासाठी एकत्र घेतली आहेत. आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून शक्य तेथे एकच रोखा वापरला आहे. तो म्हणजे केंद्र सरकारचा ७.१० टक्के २०३४ हा रोखा. तो ८ एप्रिल २०२४ रोजी निघाला, त्याची मुदत ८ एप्रिल २०३४ रोजी संपते आणि त्याचे व्याज दरवर्षी ८ एप्रिल व ८ ऑक्टोबर या तारखांना सारख्या दोन हप्त्यांत मिळते. उत्तरांमध्ये येणारा ६.८० टक्के यील्ड, म्हणजे रोखा मुदतपूर्तीपर्यंत ठेवला तर मिळणारा परताव्याचा दर, केवळ उदाहरणासाठी धरला आहे. तो त्या दिवसाचा बाजारातला दर समजू नये.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेत ट्रेझरीसाठी नवे सॉफ्टवेअर बसवले आहे. चाचणी म्हणून आम्ही शुक्रवार, २० जून २०२५ रोजी ७.१० टक्के २०३४ हा रोखा १० कोटी रुपये दर्शनी मूल्याने आणि ६.८० टक्के यील्डने घेतल्याची नोंद केली. सॉफ्टवेअरने किंमत १०१.९४६८ दाखवली, माझ्या एक्सेलच्या तक्त्यात ती १०१.९४६६ येते. पुरवठादाराचे म्हणणे असे की हा दशांशाचा फरक आहे, सोडून द्या. परंतु सॉफ्टवेअरमध्ये द्यावयाची एकूण रक्कम ४,७२४ रुपयांनी कमी दिसते. चूक कोणाची?
— ट्रेझरी अधिकारी, सांगली

उत्तर : सोडून देऊ नका. किमतीतला फरक दशांशाचा दिसत असला तरी त्याच्या मुळाशी दिवस मोजण्याची पद्धतच चुकली आहे, आणि ती फक्त किमतीकडे पाहून कधीच सापडत नाही.

आपल्याकडे सरकारी रोख्याचा भाव दर शंभर रुपये दर्शनी मूल्यामागे सांगितला जातो आणि त्यात साचलेले व्याज धरलेले नसते. बाजारात त्याला क्लीन किंमत म्हणतात. विकणाऱ्याने मागच्या कूपनच्या, म्हणजे व्याजाच्या हप्त्याच्या, तारखेपासून रोखा सांभाळलेला असतो, म्हणून तेवढ्या दिवसांचे व्याज खरेदीदार त्याला वेगळे देतो, आणि दोन्ही मिळून होणारी डर्टी किंमत हीच खात्यातून प्रत्यक्ष जाणारी रक्कम असते. आपल्या व्यवहारात सौदा शुक्रवारचा आहे, पण सरकारी रोख्यांची व्यवहारपूर्ती पुढच्या कामाच्या दिवशी होते, म्हणून हिशोबाची तारीख सोमवार, २३ जून २०२५ ही धरावयाची.

केंद्र सरकारच्या मुदतीच्या रोख्यांसाठी प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरतात. ८ एप्रिल ते ८ जून हे दोन महिने म्हणजे ६० दिवस, आणि ८ ते २३ जून हे १५ दिवस, असे ७५ दिवस झाले. ७.१० ला ७५ ने गुणून ३६० ने भागले की साचलेले व्याज १.४७९२ रुपये येते. आपल्या सॉफ्टवेअरने मात्र कॅलेंडरवरचे खरे दिवस मोजले आहेत. त्या मोजणीने ८ एप्रिलपासून ७६ दिवस होतात आणि ८ एप्रिल ते ८ ऑक्टोबर हा संपूर्ण कालावधी १८३ दिवसांचा होतो. अर्ध्या वर्षाच्या ३.५५ रुपयांच्या कूपनला ७६ ने गुणून १८३ ने भागले की १.४७४३ येतात. अमेरिकी आणि ब्रिटिश सरकारी रोख्यांना हीच पद्धत लागू आहे, त्यामुळे परदेशी बनावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती मुळातच निवडलेली असणे नवलाचे नाही.

आता क्लीन किंमत जवळजवळ सारखी का आली ते पाहू. अजून यावयाची कूपने १८ आहेत. पहिले ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येईल, म्हणजे आपल्या पद्धतीने अर्ध्या वर्षाच्या १८० दिवसांपैकी १०५ दिवसांनी. हे अंतर ०.५८३३ अर्धवर्षे झाले. दुसरे १.५८३३ अर्धवर्षांनी आणि शेवटचे, शंभर रुपये मुद्दलासह, १७.५८३३ अर्धवर्षांनी येईल. ६.८० टक्के यील्ड म्हणजे दर सहामाहीला ३.४० टक्के, म्हणून प्रत्येक रकमेला १.०३४ च्या तितक्याव्या घाताने भागावयाचे आणि बेरीज करावयाची, की डर्टी किंमत १०३.४२५८ मिळते, तिच्यातून १.४७९२ वजा केले की आपला १०१.९४६६ हा आकडा येतो. खरे दिवस मोजले तर पहिल्या कूपनचे अंतर १८३ पैकी १०७ दिवस, म्हणजे ०.५८४७ अर्धवर्षे होते. अंतर किंचित वाढल्यामुळे डर्टी किंमत घटून १०३.४२११ होते, परंतु त्याच वेळी वजा होणारे साचलेले व्याजही जवळजवळ तेवढेच घटते. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि क्लीन किंमत चौथ्या दशांशापर्यंत शहाजोगपणे उभी राहते. १० कोटींच्या व्यवहारात शंभराचे १० लाख भाग असतात, म्हणून प्रत्येक भागामागचा सुमारे ०.००४७ रुपयांचा फरक ४,७२४ रुपये होऊन बाहेर पडतो.

म्हणून माझा आग्रह असा असतो की कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरची जुळणी साचलेल्या व्याजापासून सुरू करावी. त्यात यील्ड नाही, चक्रवाढ नाही, बाजाराचा अंदाज नाही. केवळ रोख्याची मांडणी आहे. ते पैशापर्यंत जुळले नाही तर पुढच्या आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. उदाहरणार्थ, कोणी हिशोबाची तारीख म्हणून सौद्याचीच तारीख, २० जून, भरली तर दिवस ७५ ऐवजी ७२ होतात आणि साचलेले व्याज १० कोटींमागे ५९,१६७ रुपयांनी कमी दिसते. तीन दिवसांचे नेमके व्याज कमी आहे हे लक्षात आले की चूक शोधावी लागत नाही.

आपल्या एक्सेलच्या तक्त्याकडेही एकदा पाहून घ्यावे. तेथील प्राइस या सूत्रात शेवटचा रकाना दिवसगणनेचा असतो आणि त्यात ० हा पर्याय अमेरिकी ३०/३६० पद्धतीचा, तर ४ हा युरोपीय ३०/३६० पद्धतीचा आहे. तो रकाना रिकामा ठेवला तर एक्सेल ० धरते. २३ जूनला दोन्ही पर्याय सारखेच उत्तर देतात आणि म्हणून ही गोष्ट वर्षभर लक्षात येत नाही. परंतु हिशोबाची तारीख ३१ जुलै २०२५ असती, तर युरोपीय पद्धतीने ३१ ची ३० होऊन ११२ दिवस भरले असते आणि अमेरिकी पद्धतीने ११३. एका दिवसाचे व्याज १० कोटींवर १९,७२२ रुपये होते. महिना तीसच दिवसांचा मानावयाचा हा आपला नियम पाहता ४ हाच पर्याय योग्य आहे. तो स्पष्टपणे लिहावा.

प्रश्न : मी संगणक अभियंता असून आमचा गट रोख्यांची किंमत काढणारे मॉड्यूल लिहीत आहे. आम्ही रोख्याची नोंद करताना नाव, कूपन, मुदत आणि यील्ड असे चार रकाने ठेवले आहेत. त्यासाठी क्वांटलिब हे वित्तीय हिशोबांच्या तयार कोडचे मुक्त ग्रंथालय (लायब्ररी) वापरतो. एवढे पुरेसे आहे का?
— पुणे

उत्तर : एक रकाना जास्त आहे आणि बरेच कमी आहेत. जास्त आहे तो यील्डचा. यील्ड हा रोख्याचा गुणधर्म नव्हे. तो त्या दिवशीच्या बाजाराचा आहे. आज सकाळी भरलेला यील्ड रोख्याच्या नोंदीत राहून गेला की उद्याची किंमत कालच्या दराने निघते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. क्वांटलिबची रचना या बाबतीत शिकण्यासारखी आहे: तेथे रोखा हा एक स्वतंत्र घटक असतो, त्याची किंमत काढणारे यंत्र दुसरा, आणि मूल्यांकनाची तारीख हे तिसरेच, सर्वांना लागू होणारे मूल्य. आपण ही विभागणी मोडू नये.

रोख्याच्या नोंदीत त्याच्या करारातून येणारे सर्व काही असावे. आयसिन क्रमांक (रोख्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक), दर्शनी मूल्य, निर्गमनाची तारीख, मुदतपूर्तीची तारीख, कूपनचा दर, वर्षातून किती वेळा व्याज मिळते, व्याजाच्या तारखा, पहिला किंवा शेवटचा हप्ता नेहमीपेक्षा लांब वा आखूड आहे का, मुद्दल एकरकमी परत मिळते की हप्त्यांनी, आणि मुदतीआधी परत घेण्याचा वा देण्याचा अधिकार कोणाकडे आहे का, ही ती यादी. त्याशेजारी बाजाराचे संकेत लिहावेत: दिवसगणनेची पद्धत, व्यवहारपूर्तीला लागणारे दिवस, कोणते सुट्ट्यांचे कॅलेंडर वापरावयाचे, सुट्टीच्या दिवशी आलेली तारीख पुढे ढकलावयाची की मागे ओढावयाची, आणि यील्ड सांगताना चक्रवाढ वर्षातून किती वेळा धरलेली असते. संकेत रोख्याच्या प्रकाराप्रमाणे बदलतात. केंद्र सरकारच्या मुदतीच्या रोख्यांना ३०/३६० लागू असली, तरी सेबीने २०१३ साली घालून दिलेल्या नियमाप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या रोख्यांना प्रत्यक्ष दिवसांची पद्धत लागू होते, आणि २९ फेब्रुवारी ज्यात येते त्या संपूर्ण वर्षासाठी भागाकार ३६६ ने करावा लागतो. ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या अल्प मुदतीच्या रोख्यांचा, हिशोब तर कूपनच नसल्यामुळे सरळ सवलतीचा आहे: ९१ दिवसांच्या बिलावर ५.५० टक्के यील्ड धरला तर १०० ला (१ + ०.०५५ × ९१ ÷ ३६५) ने भागावयाचे, म्हणजे ९८.६४७३. येथे ३६५ च्या जागी ३६० राहून गेले तर ९८.६२८८ येतील.

सुट्ट्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक मॉड्यूल येथेच अडखळतात. सरकारी रोख्याच्या कूपनची तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर व्याज पुढच्या कामाच्या दिवशी मिळते. मात्र मुदतपूर्तीच सुट्टीच्या दिवशी आली तर पैसे आधीच्या कामाच्या दिवशी परत केले जातात. म्हणजे एकाच रोख्याला दोन उलट्या दिशांचे नियम. आपल्या उदाहरणातील रोख्याचे ८ ऑक्टोबर २०२८ चे कूपन रविवारी येते, ते सोमवार, ९ तारखेला मिळेल, आणि एक दिवस उशीर झाला म्हणून ३.५५ रुपयांत वाढ होणार नाही. आता त्याची मुदतपूर्ती पाहा. ८ एप्रिल २०३४ हा शनिवार आहे, तोही महिन्यातला दुसरा, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा. आधीचा दिवस शुक्रवार, ७ एप्रिल. परंतु त्या वर्षी ईस्टरचा रविवार ९ एप्रिलला येत असल्याने ७ तारखेला गुड फ्रायडे आहे. नेहमीप्रमाणे त्या दिवशी सुट्टी जाहीर झाली, तर पैसे गुरुवार, ६ एप्रिललाच हाती येतील. सर्व तारखा सरसकट पुढे ढकलणारे सॉफ्टवेअर त्याच रकमेसाठी सोमवार, १० एप्रिल दाखवील. रोखप्रवाहाच्या तक्त्यात चार दिवसांचे अंतर पडले!

क्वांटलिबमध्ये यासाठी दोन वेगळी मूल्ये द्यावी लागतात. एक व्याजाच्या कालावधीच्या तारखांसाठी आणि दुसरे प्रत्यक्ष पैसे मिळण्याच्या तारखांसाठी. पहिले नेहमी ‘अन-अॅडजस्टेड’, म्हणजे सुट्टीमुळे तारीख न हलवणारे, ठेवावे, नाहीतर सुट्टी आली की कालावधी एक-दोन दिवसांनी लांबतो आणि कूपनची रक्कमच बदलते, जे सरकारी रोख्याच्या बाबतीत सरळ चूक आहे. दुसऱ्याची निवड हेतूवर अवलंबून आहे. बाजारात यील्डवरून किंमत काढताना सुट्ट्या विचारात घेत नाहीत, करारातल्या तारखाच धरतात. म्हणून किंमत जुळवून पाहावयाची असेल तेव्हा दुसरे मूल्यही ‘अन-अॅडजस्टेड’ द्यावे. तसे न करता तारखा पुढे ढकलल्या, तर आपल्या रोख्याच्या शेवटच्या १०३.५५ रुपयांनाच दोन दिवस उशीर होऊन किंमत सुमारे दोन पैशांनी घटते, आणि कारण न सापडता दिवस जातो. आणखी एक सूचना अशी की त्या ग्रंथालयात भारतासाठी जे कॅलेंडर आहे ते राष्ट्रीय शेअर बाजाराचे आहे. सरकारी रोख्यांच्या बाजाराच्या सुट्ट्या त्याच्याशी प्रत्येक वेळी जुळतील असे नाही, त्यामुळे आपली यादी स्वतंत्रपणे ठेवून दरवर्षी भरावी.

प्रश्न : वरील रोख्याचाच हिशोब मी महाविद्यालयीन प्रकल्पासाठी केला. दिवस ७५ धरले, साचलेले व्याज जुळले, यील्डही ६.८० टक्केच घेतला. तरी क्लीन किंमत १०२.६९०२ येते. सर्व तारखा पुन्हा तपासल्या.
— नागपूर

उत्तर : तारखा बरोबर आहेत, आपल्या प्रोग्रॅममध्ये चक्रवाढ वर्षातून एकदा धरली आहे. आपल्या सरकारी रोख्यांचा यील्ड सहामाही चक्रवाढीने सांगितला जातो, म्हणजे ६.८० टक्क्यांचा अर्थ दर सहामाहीला ३.४० टक्के. वार्षिक चक्रवाढ धरली की सहामाहीचा दर १.०६८ चे वर्गमूळ काढून येतो, तो साधारण ३.३४४ टक्के. सवलतीचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमा आजच्या मूल्यात आणण्याचा दर, कमी झाला म्हणून किंमत वाढली. फरक ०.७४३६ रुपयांचा आहे. १० कोटींवर तो ७ लाख ४३ हजारांच्या पुढे जातो. या रोख्याचा यील्ड एका बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.०१ टक्क्याने हलला तर किंमत सुमारे ०.०६६२ रुपयांनी हलते. ०.७४३६ ला ०.०६६२ ने भागा, साधारण ११ येतात, आणि ३.४० व ३.३४४ यांतली तफावत दुप्पट केली तरी ११ बेसिस पॉइंटच येतात. किमतीतला फरक असा बेसिस पॉइंटमध्ये बदलून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण दिवसगणनेची चूक, चक्रवाढीची चूक आणि चुकीच्या वक्राची (निरनिराळ्या मुदतींचे व्याजदर दाखवणाऱ्या रेषेची) चूक या प्रत्येकीचा आकार वेगळा असतो आणि आकारावरूनच बहुधा ती ओळखू येते.

प्रश्न : रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून मी १०,००० रुपयांचा रोखा घेतला. भाव १०२ च्या आत होता, पण १०,३०० हून अधिक रुपये गेले. हे शुल्क आहे का?
— निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : शुल्क नव्हे, साचलेले व्याज आहे. वरच्याच उदाहरणाने सांगायचे तर १०,००० रुपये दर्शनी मूल्याला किमतीचे १०,१९४.६६ आणि व्याजाचे १४७.९२ मिळून १०,३४२.५८ रुपये होतात. येत्या ८ ऑक्टोबरला आपल्याला सहामाहीचे पूर्ण ३५५ रुपये मिळतील, त्यांतच हे १४७.९२ परत येतात.

प्रश्न : एका सहकारी बँकेचे लेखापरीक्षण करताना एकाच रोख्याची तीन मूल्ये आढळली: वहीतले, एफबीआयएलच्या भावाने येणारे आणि सॉफ्टवेअरने व्याजदरांच्या वक्रावरून काढलेले. यांतले खरे कोणते?
— सनदी लेखापाल, ठाणे

उत्तर : तिन्ही खरी असू शकतात, कारण ती तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. खरा दोष सॉफ्टवेअरच्या पडद्यावर या तिन्हींच्या डोक्यावर नुसते ‘मूल्य’ असे लिहिलेले असण्यात आहे.

मुदतपूर्तीपर्यंत ठेवण्याच्या वर्गात रोखा १०१.९४६६ ला घेतला असेल, तर दर्शनी मूल्याहून जास्त दिलेले १.९४६६ रुपये उरलेल्या पावणेनऊ वर्षांत थोडेथोडे खर्ची पडतात आणि वहीतले मूल्य हळूहळू १०० कडे सरकते. बाजारात भाव वर गेला की खाली आला याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. ज्या वर्गांतल्या रोख्यांचे बाजारभावाने मूल्यांकन करावयाचे असते, त्यांच्यासाठी दिवसअखेरचा संदर्भभाव एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. केंद्र आणि राज्य सरकारांच्या रोख्यांसाठी ३१ मार्च २०१८ पासून ही जबाबदारी तिच्याकडे आली. त्याआधी ती फिम्डा या रोखे बाजारातील संस्थांच्या संघटनेकडे होती. या वर्गांसाठी सॉफ्टवेअरने स्वतःचे डोके चालवू नये, जाहीर झालेला भाव उचलून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. लेखापरीक्षक म्हणून आपण फक्त भावाची तारीख आणि आयसिन क्रमांक ताडून पाहावेत.

तिसरे मूल्य अधिक गुंतागुंतीचे आहे. यील्डवरून किंमत काढताना सर्व १८ कूपने एकाच दराने सवलतीत आणली जातात. सहा महिन्यांनी मिळणाऱ्या पैशालाही तोच दर आणि नऊ वर्षांनी मिळणाऱ्यालाही तोच. वक्रावरून काढताना प्रत्येक रकमेला तिच्या तारखेचा स्वतंत्र दर लागतो. संकल्पना म्हणून हे अधिक योग्य आहे, आणि ज्या रोख्यात फारसे व्यवहार होत नाहीत त्याचा अंदाज बांधण्यासाठी दुसरा मार्गही नसतो. परंतु वक्र हा अनेक रोख्यांच्या भावांमधून काढलेली गुळगुळीत रेषा असल्यामुळे तो प्रत्येक रोख्याच्या भावातून नेमका जात नाही. बाजारात ज्याला जास्त मागणी आहे असा ताजा दहा वर्षांचा रोखा वक्राने सांगितलेल्या किमतीपेक्षा महाग विकला जातो, तर त्याच मुदतीचा जुना, क्वचित हात बदलणारा रोखा स्वस्त राहतो. असा फरक दिसला तर तो दोष मानू नये.

दोष असतो तो वेगळा, आणि त्यासाठी पुरवठादाराला एकच गोष्ट विचारावी: वक्रात भरलेले दर पार यील्ड आहेत की शून्य-कूपन दर, म्हणजे मध्ये कूपन नसलेल्या एकट्या रकमेला लागणारे दर? पार यील्ड म्हणजे नेमक्या १०० ला विकल्या जाणाऱ्या रोख्याचा कूपन दर. त्यात आधीच्या कूपनांचा परिणाम मिसळलेला असतो, म्हणून त्याने एकटी रक्कम सवलतीत आणता येत नाही. दीर्घ मुदतीचे दर अल्प मुदतीपेक्षा जास्त असतात तेव्हा शून्य-कूपन दर पार यील्डच्या वर असतो. अशा वेळी चुकून पार यील्डच शून्य-कूपन दर म्हणून वापरला गेला तर लांब मुदतीचे सगळे रोखे एकाच दिशेने, म्हणजे महाग, दिसतात. काही रोखे वर आणि काही खाली असतील तर चिंता नाही. सगळेच वर असतील तर येथे पाहावे.

प्रश्न : मी लंडनमध्ये एका सॉफ्टवेअर गटात काम करतो. भारतीय रोख्यांसाठी लिहिलेला कोड ब्रिटिश सरकारच्या गिल्टना, म्हणजे तेथील सरकारी रोख्यांना, लावला, फक्त दिवसगणना बदलली. बहुतेक दिवस उत्तरे जुळतात, पण कूपनच्या आधीच्या आठवड्यात साचलेले व्याज ऋण यावयास हवे असे सहकारी सांगतात. ऋण व्याज म्हणजे काय?
— मूळ कोल्हापूर, सध्या लंडन

उत्तर : सहकारी बरोबर सांगत आहेत. गिल्टच्या बाबतीत कूपनच्या तारखेपूर्वी कामाचे सात दिवस तो ‘एक्स-डिव्हिडंड’ होतो. त्या काळात व्यवहार पूर्ण झाला तर येणारे पूर्ण कूपन विकणाऱ्यालाच मिळते, जरी कूपनच्या तारखेपर्यंतचे शेवटचे काही दिवस रोखा खरेदीदाराकडे असला तरी. तेवढ्या दिवसांचे व्याज विकणाऱ्याने खरेदीदाराला परत करावयाचे, म्हणून डर्टी किंमत क्लीन किमतीपेक्षा कमी होते. कोडमध्ये दोन बदल लागतील: साचलेल्या व्याजातून पूर्ण कूपन वजा करणे, आणि वर्तमान मूल्याच्या बेरजेतून ते पहिले कूपन वगळणे. एकच केला तर किंमत संपूर्ण कूपनएवढी चुकेल. म्हणून दिवसगणनेशेजारी एक्स-डिव्हिडंडच्या दिवसांचाही रकाना रोख्याच्या नोंदीत असावा. खरे दिवस मोजण्याची पद्धतही गिल्टना १ नोव्हेंबर १९९८ पासूनच लागू झाली, तेव्हा त्याआधीच्या व्यवहारांचे जुने आकडे जुळवून पाहण्याच्या फंदात पडू नये.

प्रश्न : आमच्या चाचणीत कूपन आणि यील्ड दोन्ही ७.१० टक्के ठेवले, म्हणजे किंमत १०० यावयास हवी. ती ९९.९८५० येते. त्याखेरीज एकच कूपन उरलेल्या रोख्यांच्या बाबतीत एक्सेल आणि आमचा प्रोग्रॅम यांत एक-दीड पैशाचा फरक राहतो. हे दोन्ही दोष एकाच मुळातून येत असतील काय?
— हिंजवडी, पुणे

उत्तर : पहिला दोषच नाही. कूपन आणि यील्ड सारखे असले तरी क्लीन किंमत नेमकी १०० येते ती कूपनच्या तारखेलाच. मधल्या दिवशी डर्टी किंमत चक्रवाढीने वाढते आणि साचलेले व्याज मात्र सरळ व्याजाने मोजले जाते. २३ जून २०२५ रोजी १०० ला १.०३५५ च्या ७५/१८० इतक्या घाताने गुणले की १०१.४६४१ येतात, आणि त्यातून १.४७९२ वजा केले की ९९.९८५० उरतात. आपला प्रोग्रॅम येथे नेमके १०० दाखवीत असता तर मी त्याच्यावर संशय घेतला असता. ही चाचणी ८ ऑक्टोबर २०२५ ही हिशोबाची तारीख घेऊन पुन्हा करावी. त्या दिवशी १००.०००० यावयास हवेत आणि साचलेले व्याज शून्य.

दुसऱ्याचे मूळ वेगळे आहे. शेवटचेच कूपन उरले की एक्सेलचे प्राइस हे सूत्र चक्रवाढ सोडून सरळ व्याजाने सवलत देते. समजा मुद्दल आणि शेवटचे कूपन मिळून १०३.५५ रुपये १८० पैकी १०५ दिवसांनी यावयाचे आहेत आणि यील्ड ६.८० टक्के आहे. सरळ व्याजाने त्यांची आजची किंमत १०१.५३६२ होते, चक्रवाढीने १०१.५५००. हाच तो एक-दीड पैसा. क्वांटलिबमध्ये चक्रवाढीचा प्रकार निवडताना ‘आधी सरळ, मग चक्रवाढ’ असा पर्याय आहे. पहिल्या कालावधीच्या आतल्या रकमांना तो सरळ व्याज लावतो. तो मात्र फक्त शेवटचे कूपन उरलेल्या रोख्यांपुरता वापरावा. सगळ्या रोख्यांना लावला तर लांब मुदतीच्या रोख्यांच्या पहिल्या कूपनचा हिशोबही बदलतो आणि आतापर्यंत जुळत आलेला १०१.९४६६ हा आकडाच हलतो.